बी ठेवायचं की नाही

सरकारी पाकीट ओळखायला आमच्या घरी कुणाला चष्मा लागत नाही. टपालपेटीतून बाहेर येतानाच ते जरा ताठ येतं. लग्नघरात उशिरा पोचलेल्या आणि अजून कुणी पाणी विचारलं नाही म्हणून घुश्शात असलेल्या आत्याच्या यजमानांसारखं. जुलैतल्या एका दुपारी बायकोनं ते आणलं, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "अहो, तुमचं पत्र आलंय." एरवी आमच्यात अरे-तुरे चालतं. बत्तीस वर्षांच्या संसारात 'अहो' बाहेर निघतं ते दोनच वेळा: घरात सासरची माणसं असली की, आणि हातात सरकारी कागद असला की. कागदाला ती माझ्याहून जास्त मान देते असं नाही. मला वाटतं, कागदावर माझ्या नावाचा जो कुणी गृहस्थ राहतो, त्याची आणि तिची अजून नीट ओळख झालेली नाही.

पाकिटात मेडिकेअरचं, म्हणजे अमेरिकन सरकारच्या आरोग्यविम्याचं, कार्ड होतं. लाल, पांढरं, निळं आणि कागदी. ज्या देशात कोपऱ्यावरचा कॉफीवालासुद्धा प्लॅस्टिकचं कार्ड देतो, तिथे माणसाच्या उरलेल्या आयुष्याचं कार्ड लग्नपत्रिकेपेक्षा पातळ कागदावर यावं, याची मला गंमत वाटली. शिवाय मी काही म्हातारा नाही. अठ्ठावन्नावं चालू आहे. मेडिकेअर ही तशी पासष्टीची गोष्ट; पण ज्यांचं शरीर रांग मोडून पुढे निघून जातं त्यांना ते आधी गाठतं. डिसॅबिलिटीचा भत्ता चालू होऊन चोवीस महिने झाले, की पंचविसाव्या महिन्यात कार्ड आपोआप लागू होतं. माझा पंचविसावा महिना ऑक्टोबर २०२५. तसं कार्डावर छापलंही होतं, दोन ओळींत. एक ओळ पार्ट एची, म्हणजे हॉस्पिटलात आडवं पडावं लागलं तर त्याच्या खर्चाची. दुसरी पार्ट बीची, म्हणजे आडवं पडू नये म्हणून उभ्यानं ज्या डॉक्टरांकडे जावं लागतं त्यांच्या खर्चाची. ए फुकट, कारण त्याचे पैसे मी अठ्ठावीस वर्षं पगारातून फायका नावाच्या रकान्यात, तो रकाना नेमका कसला हे कधीही न वाचता, भरलेले होते. बीला महिना १८५ डॉलर. ते भत्त्यातूनच कापले जाणार. सोबतच्या पत्रात समजावलं होतं, की बी नको असेल तर तशी खूण करा, सही करा आणि कार्ड परत पाठवून द्या. ठेवून घेतलंत तर बी तुमचं झालं.

बी ठेवायचं की नाही, हा प्रश्न कोकणातल्या माणसाला कुणी इंग्रजीत विचारू नये. आमच्या संगमेश्वराकडच्या घरात बी ठेवणं हे आईचं खातं होतं. दोडका मुद्दाम वेलावर जून होऊ द्यायचा आणि मग माळ्याच्या वाशाला टांगायचा. वाऱ्यानं हलला की त्यातून खुळखुळ्यासारखा आवाज यायचा, आणि भर वैशाखात आम्हा मुलांना वाटायचं की पाऊस वर माळ्यावर येऊन बसलाय, फक्त खाली उतरायचा राहिलाय. भोपळ्याचं बी चुलीतल्या राखेत घोळून डब्यात, पडवळाचं पुरचुंडीत. 'हे कशाला एवढं?' असं विचारलं तर आई म्हणायची, 'असूदे. लागलं तर?' तिच्या घरखर्चाचं सगळं तत्त्वज्ञान या तीन शब्दांत मावलेलं होतं, आणि अमेरिकेतल्या विम्याच्या धंद्याचंही यापलीकडे काही तत्त्वज्ञान असेल असं मला वाटत नाही. त्यांनी फक्त ते बारीक टायपात छापलं. देशावरच्या मावशीकडे सुट्टीत गेलो की तिथला गडी प्रत्येक मागणीला 'बी' लावायचा. च्या बी द्या, भाकर बी द्या, पान बी द्या. त्याच्यासमोर हे कार्ड ठेवलं असतं तर त्यानं घोळ घातला नसता. 'ए द्या, बी बी द्या,' म्हणाला असता आणि उन्हात निघून गेला असता.

कार्डावरचा नंबर मी बराच वेळ न्याहाळला. अकरा अक्षर-आकड्यांचा. २०१८ पर्यंत या कार्डावर माणसाचा सोशल सिक्युरिटी नंबरच असायचा. चोऱ्या होतात म्हणून तो काढून हे नवं गुंफण आलं. त्यात एस, एल, ओ, आय, बी आणि झेड ही सहा अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती आकड्यांसारखी दिसतात. बी आठसारखं दिसतं. म्हणजे ज्या बीवरून आमच्या घरी पुढचे अडीच महिने चर्चा झाली, त्या बीला खुद्द कार्डाच्या नंबरात प्रवेश नाही. आठसारखं दिसतं एवढाच त्याचा गुन्हा. पन्नाशीनंतर आपण सगळेच दुसऱ्या कशासारखे तरी दिसू लागतो, म्हणून मला त्या अक्षराबद्दल जरा माया वाटली.

माझा आजार कंपवात. डॉक्टर पार्किन्सन म्हणतात, जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या वैद्यानं १८१७ साली त्यावर निबंध लिहिला म्हणून. एका निबंधावर दोनशे वर्षं टिकलेला दुसरा निबंधकार मला माहीत नाही, आणि हे लिहिताना थोडा हेवाही वाटतो. पन्नासाव्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपली आपण एकमेकांवर फिरू लागली. डॉक्टरी पुस्तकात याला गोळी वळण्याची उपमा दिलेली आहे. आई तेव्हा होती. फोनच्या पडद्यावर माझा हात बघून तिनं विचारलं, "जप चालू केलास होय रे? बरं केलंस." मी हो म्हणालो. खोटं बोललो असं मला अजूनही वाटत नाही.

त्यात पुन्हा खाजकुयलीची गोष्ट आहे. शाळेत असताना आम्ही तिच्या शेंगांची लव कागदात धरून आणायचो आणि पुढच्या बाकावरच्याच्या कॉलरमागे अलगद झटकायचो. मग तो बिचारा अख्खा भूगोलाचा तास जागच्या जागी नाचायचा. पुढे चाळीस वर्षांनी, न्यू जर्सीतल्या एका प्रतीक्षाकक्षात गुळगुळीत मासिक चाळताना मला कळलं, की त्याच खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं. म्हणजे मी दिवसातून चार वेळा जी पिवळी गोळी घेतो, तिच्यातलंच औषध. त्या भूगोलाच्या तासाचा हिशेब कुणीतरी कुठेतरी ठेवला असला पाहिजे. गोळीचं आणि वरणाचं जमत नाही, दोघांना आतड्यातून एकाच दारानं आत शिरायचं असतं. त्यामुळे वरणभातावर जन्म काढलेला मी आता घड्याळ बघून वरण खातो. तर, बियांचं महत्त्व मला कुणी नव्यानं पटवायला नको होतं.

ऑक्टोबरपर्यंत पोचायला लागले होते एकोणतीस महिने. एप्रिल २०२३ मध्ये काम सुटलं. त्यानंतरचे पूर्ण पाच महिने भत्ता नाही, मग भत्त्याचे चोवीस महिने मेडिकेअर नाही. या चोवीस महिन्यांमागचा इतिहास मी वाचला, कारण मला वेळ होता. ३० जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिझुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड म्हाताऱ्या माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना दिलं. तेव्हा आमच्यासारख्यांचा विचार त्यात नव्हता. तो १९७२ साली निक्सन यांच्या काळात झाला आणि १९७३ च्या जुलैपासून लागू झाला, पण दोन वर्षं थांबायच्या अटीवर. खर्च आवाक्यात राहावा, खाजगी विमा असलेल्यांना दुहेरी वाढप होऊ नये, आणि दुखणं खरोखरच मुक्कामाला आलेलं आहे याची खात्री व्हावी, अशी त्यामागची कारणं. पाहुणा राहणार की जाणार हे कळल्याशिवाय गादी घालायची नाही, तसंच काहीसं. एका आजाराला मात्र २००१ पासून ही दोन वर्षं माफ आहेत. एएलएस. त्या आजाराला थांबायला वेळच नसतो, हे संसदेलाही कळलं. ते वाचलं त्या संध्याकाळी मी माझ्या चोवीस महिन्यांबद्दल कुरकुरणं बंद केलं.

आपल्याकडे आता सरकारी कागदावर 'दिव्यांग' लिहितात. हा शब्द मला आधी फार गोडगोड वाटायचा, पेढ्यावर पुन्हा साखर पेरल्यासारखा. पण डिसॅबिलिटीचा अर्ज भरल्यावर मत बदललं, कारण मराठीत दिव्य करावंही लागतं. त्या अर्जासोबत रोजच्या जगण्याचा एक तक्ता येतो. स्वयंपाक करता का? किती वेळ लागतो? पाळीव प्राण्यांची काळजी घेता का? न थांबता किती चालता? आणि हे सगळं विचारायचं कुणाला, तर ज्याला लहानपणापासून 'कसं काय?' या प्रश्नाचं 'उत्तम!' एवढं एकच उत्तर शिकवलेलं आहे त्याला. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आत आल्या आल्या विचारलं, 'कसे आहात?' मी म्हणालो, 'उत्तम!' बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं ते पाहणं मला आमच्या लग्नाच्या अल्बमात कुठेही सापडलेलं नाही. मुंजीपासून आपण काय काय करू शकतो हे सिद्ध करण्यात आयुष्य गेलं; आता काय काय करू शकत नाही याची यादी, जागा पुरली नाही तर जादा कागद जोडून.

तसाच एक तक्ता तुम्हाला ओळखणाऱ्या दुसऱ्या माणसानंही भरायचा असतो. तो तिनं भरला. मला दाखवला नाही. पण प्रिंटरला प्रत्येक कागदाची एक जादा प्रत काढायची खोड आहे. आजाराआधी ही व्यक्ती काय करू शकायची जे आता करू शकत नाही, असा एक प्रश्न त्यात आहे. मला वाटलं, ती लिहील गाडी चालवणं, टायपिंग, शर्टाची बटणं. ते होतंच. पण सगळ्यात वर, तिच्या त्या बँकेच्या स्लिपांवर घडलेल्या नीटस अक्षरात, लिहिलेलं होतं: डाळिंब सोलायचा, एकही दाणा न फुटता. सरकारनं त्या ओळीचं काय केलं असेल कोण जाणे. पगारी नोकरीच्या कुठल्याही वर्णनात डाळिंब सोलणं येत नाही. मी ती प्रत घडी करून जिथली तिथे ठेवली आणि त्या आठवड्यात डाळिंब आणू नकोस म्हणालो, महाग आहेत म्हणून.

आता हिशेब. हिशेब सोपा होता, असं आम्हाला दोन दिवस वाटलं. मी तिच्या कंपनीच्या विम्यात आहे. तो विमा चांगला आहे. मग महिना १८५, म्हणजे वर्षाला २,२२० डॉलर, दुसऱ्या छत्रीसाठी कशाला द्यायचे? आणि ती छत्रीही आधी स्वतःचे २५७ डॉलर भिजू द्या, मग पुढच्या पावसातला पाचवा भाग तुम्ही सोसा, असं सांगणारी. बी १९६६ साली सुरू झालं तेव्हा महिना ३ डॉलर होतं म्हणे. सगळ्याच बियांची किंमत वाढली आहे. तरी खात्री करावी म्हणून वाचनालयात गेलो. इथे शिप नावाची एक सोय आहे, मेडिकेअरच्या समुद्रात गटांगळ्या खाणाऱ्यांसाठी, फुकट. नाव जहाजाचं, पण टेबलापलीकडे एक सत्तरीच्या पुढच्या स्वयंसेविका बसलेल्या, विणलेला स्वेटर घालून, पुढ्यात पेपरमिंटची वाटी. त्यांनी माझा आजार विचारला नाही, औषधं विचारली नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या पत्नीच्या कंपनीत माणसं किती?"

मी चक्रावलो. माझा हात थरथरतोय आणि या बाई जनगणना करताहेत. पण सगळी मेख तिथेच होती. पासष्टीच्या आतल्या डिसॅबिलिटीवाल्याच्या बाबतीत नियम असा, की जोडीदाराच्या कंपनीत शंभर किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीचा विमा आधी पैसे देणार, मेडिकेअर मागून. शंभराच्या आत असतील तर मेडिकेअर आधी, आणि तुम्ही बी घेतलंच नसेल तर बीच्या वाटणीचं बिल कंपनीचा विमा आपल्या अंगाला लावून घेईलच असं नाही. बाई पेपरमिंट पुढे करत पुढचं सांगत होत्या: ती नोकरीत आहे तोवर बी नाकारलंत तरी दंड नाही, नोकरी सुटली की आठ महिन्यांची खिडकी उघडते, तिच्या कंपनीकडून एल-५६४ नावाचा फॉर्म भरून आणायचा, खिडकी चुकली तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी चढतो. नोकरी गेल्यावर आपल्या पैशानं चालू ठेवलेला विमा मात्र या हिशेबात धरत नाहीत, आणि तिथेच पुष्कळजण फसतात. ठेवा किंवा ठेवू नका, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांना ते सांगायचंच नसतं. ज्योतिषालाही एवढा संयम नसतो.

घरी येऊन तिला विचारलं, माणसं किती? ती म्हणाली, "गेल्या वर्षी दीडशेच्या आसपास होतो. आता एकशे बारा." औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करणारी कंपनी आहे. काम आटतंय, आणि दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा निरोपसमारंभ असतो. निरोपाला केक असतो. केकचा उरलेला तुकडा ती कागदी रुमालात गुंडाळून माझ्यासाठी आणते. तोवर मी तो चवीनं खात होतो. त्या दिवसापासून खाताना मोजू लागलो. एकशे अकरा, व्हॅनिला. एकशे दहा, गाजराचा. एकशे आठ; हिशेबखात्यातली जुळी खुर्ची एकदम उठली आणि केक मात्र एकच, कंपनीनं तिथेही काटकसर केलेली. ज्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत अशा आठ-दहा अनोळखी माणसांनी आपापल्या खुर्च्या सोडू नयेत म्हणून मी रोज संध्याकाळी मनातल्या मनात त्यांचं भलं चिंतू लागलो. त्यांच्यातल्या कुणाला सर्दी झाली तरी माझा घसा दुखायचा. विश्वबंधुत्वाची व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली, पण ते अंगात मुरवलं या एका शंभराच्या आकड्यानं.

एचं काय, असाही एक प्रश्न मला मध्येच पडला. सगळाच पसारा नको म्हटलं तर? तेही होत नाही. ए सोडायचं तर भत्ताही सोडायचा आणि आजवर घेतलेला परत करायचा. यावरून या देशात खटलासुद्धा झालेला आहे: हॉल विरुद्ध सेबेलियस, निकाल २०१२ चा. पासष्टी उलटलेले काहीजण कोर्टात गेले, त्यांत प्रतिनिधिगृहातले बहुमताचे माजी नेते डिक आर्मीही होते. त्यांचं म्हणणं, आम्हाला पेन्शन हवं पण पार्ट ए नको. न्यायाधीश ब्रेट कॅव्हनॉ, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांनी निकालात म्हटलं त्याचा मथितार्थ असा, की वापरायचं नसेल तर वापरू नका, पण हक्क तुमच्याकडेच राहील. आमच्या आळीत गणपतीच्या पंगतीत हाच न्याय चाले. मोदक खाल्ला नाहीत तर तो पानात राहील. पण वाढला नाही असं होणार नाही.

या सगळ्यात मला वारंवार अण्णा, म्हणजे माझे वडील, आठवत होते, आणि त्यांचं रेशनकार्ड. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून रेशनकार्डं तीन रंगांची झाली, पिवळी, केशरी आणि पांढरी. अण्णा मास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना पांढरं आलं. पांढरं म्हणजे तुमचं बरं चाललंय, दुकानात येऊ नका. अण्णांनी ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडाच्या पिशवीत आणि ती कपाटातल्या धोतरांच्या खाली ठेवली. मी इथून सुट्टीवर गेलो होतो, नवा नवा अमेरिकन शहाणपणा घेऊन. विचारलं, "यावर काही मिळत नाही, तर ठेवायचं कशाला?" अण्णा म्हणाले, "पत्ता मिळतो." मला तेव्हा हसू आलं होतं. आता माझं कार्ड हातात धरून बसलो की वाटतं, त्यांना काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलेलं नव्हतं. धान्य न देणारं का होईना, तुम्ही या घरात, या गावात, या माणसांत आहात असं कुणीतरी शिक्का मारून म्हटलेलं असतं. माझ्या कार्डावर पत्ता नाही. पण मी कुठे येऊन पोचलोय ते त्यावर बरोबर छापलेलं आहे, आणि मला वाटतं, मी जे परत पाठवू बघत होतो ते १८५ डॉलरचं बी नव्हतंच.

ऑगस्टअखेर ठरलं, नाकारायचं. हिशेब तसाच सांगत होता, अजून एकशे सहा माणसं होती आणि पैसे काही झाडाला लागत नाहीत. फक्त सही करायची. इथे एक अडचण आली. कंपवातात अक्षर बारीक होत जातं. ओळीच्या सुरवातीला मुंगळा असतो, शेवटाला मुंगी. बँकेनं एकदा माझी सही माझी नाही म्हणून परत केली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचं पटलं होतं. तेव्हा बायको म्हणाली, आधी सराव कर. विजेच्या बिलाच्या पाठीवर मी सह्या करू लागलो. पहिली बरी, दुसरी तिच्या धाकट्या बहिणीसारखी, सातव्या-आठव्यापर्यंत नाव कागदात मुरून गेलेलं. ती समोर भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "मोठी कर, मोठी. शाळेच्या फळ्यावर करतोस असं समज." मी फळ्यावर केली. पान भरलं. तिनं ते पान उचललं, नीट घडी घातली आणि पंचांगात ठेवलं. विजेचं बिल पंचांगात का, हे मी विचारलं नाही. तिथे आधीपासून काय काय आहे, ते आमच्यात विचारायचं नसतं.

कार्ड मात्र परत गेलं नाही. आज तिकीट नाही, उद्या लेबर डे, परवा पाऊस. सप्टेंबरात एका संध्याकाळी ती केकचा तुकडा घेऊन आली, चॉकलेटचा. मी मोजायला तोंड उघडलं, "म्हणजे एकशे..." आणि ती चहाचं आधण ठेवता ठेवता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "अरे, पुढचा एखादा केक माझाच असला तर?"

गॅसच्या शेगडीचा टक-टक-टक आवाज झाला आणि ज्योत पेटली. बत्तीस वर्षांत तिनं नोकरीबद्दल तक्रार केलेली मला आठवत नाही. माझ्या निदानानंतर तर नाहीच. तिची नोकरी आमच्या घरात एखाद्या खांबासारखी होती, आणि खांबाला कुणी 'दमलास का' म्हणून विचारत नाही. मी अडीच महिने एकशे बारा माणसं मोजत होतो, आणि त्यांत रोज सकाळी सव्वासातला डबा घेऊन घरातून निघणारं एक माणूस धरायचं राहून गेलं होतं.

"कधीपासून वाटतंय?" मी विचारलं.

"छे रे, सहज म्हटलं," ती म्हणाली. आलं जरा जास्तच किसलं गेलं होतं.

मग आम्ही त्याबद्दल पुढे काही बोललो नाही. बोलायचं असतं तर बोलता आलं असतं. आठ महिन्यांची खिडकी आहे, एल-५६४ आहे, नोकरी सुटल्यावर बी घेता येतं, हे दोघांनाही पाठ होतं. आमच्या हिशेबात आजही बी नाकारणंच शहाणपणाचं ठरतं, आणि कुणी विचारलं तर मी तसंच सांगेन. पण सप्टेंबर संपला आणि कार्ड फ्रिजवर, दोडक्याच्या आकाराच्या चुंबकाखाली तसंच राहिलं. हे चुंबक ओकट्री रोडवरच्या दुकानातलं, विकणाऱ्याच्या मते ते काकडीचं आहे. काही केलं नाही तर बी आपोआप मिळतं, ही या योजनेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आपल्याच्यानं काही होत नाही हे अर्जाच्या पानोपानी घाम गाळून सिद्ध केल्यावर, शेवटी निदान एक वस्तू तरी काही न केल्याबद्दल पदरात पडली. भत्त्यातून १८५ डॉलर कमी होऊन आले. नोव्हेंबरात कळलं, की पुढच्या वर्षीपासून २०२ डॉलर ९० सेंट. "बी महागलं," मी म्हणालो. "असूदे," ती म्हणाली. "लागलं तर?"

त्याच शनिवारी तिनं डाळिंबं आणली, कॅलिफोर्नियाची, तांबडीलाल. मी न विचारता सुरी घेतली. वरची टोपी काढली, फोडीफोडींवर चिरा दिल्या आणि पाण्याच्या भांड्यात धरून एकेक दाणा सुटा करू लागलो. गोळी घेऊन तासभर झाला होता, हात त्यातल्या त्यात शहाण्यासारखा वागत होता. किती वेळ लागतो, या प्रश्नापुढे मला आता लिहिता येईल: एका डाळिंबाला पन्नास मिनिटं. ती समोर बसून कंपनीतली काहीतरी गोष्ट सांगत होती, ऐकू येईल एवढ्या हळू. फुटलेले दाणे मी बाजूच्या वाटीत टाकत होतो, तिला दिसू नयेत म्हणून जरा माझ्या अंगाकडे सरकवून. गोष्ट न थांबवता तिनं हात लांब केला, ती वाटी स्वतःकडे ओढली आणि आधी तीच संपवली.